डोळ्याला समजलं, हाताला नाही

"मामा, यूट्यूबवर पाहिलंय मी. येतं मला!" हे वाक्य धुळ्यातल्या देवपुरात मला दिवसाआड ऐकू येतं. कधी ब्लाउज शिवण्याबद्दल, कधी घरातल्या वायरिंगबद्दल, कधी मोबाइलचा डिस्प्ले बदलण्याबद्दल. गेल्या आखाजीला भाच्याने ते मांड्यांबद्दल म्हटलं, तेव्हा मात्र मी हट्टाने त्याला चुलीपुढे बसवलं.

तीन दिवस तो एकच व्हिडिओ पुढेमागे करून पाहत होता. कृती तोंडपाठ. कणीक सैल आणि चिवट होईपर्यंत तिंबायची, पुरण भरायचं, उंडा थापायचा, मग या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि तापल्या खापरावर अलगद सोडायचा. पहिला मांडा मनगटापाशीच फाटला आणि पुरण बाहीला लागलं. दुसरा खापरावर पडताना दुमडला. आमची आई शेजारीच बसली होती. म्हणाली, "डोयाले समजनं, हातले नही."

गैरसमज : नीट पाहिलं की येतं

आईचं म्हणणं जुन्या वळणाचं वाटत असेल, तर शिकागो विद्यापीठातल्या मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन यांचा 2018 सालचा शोधनिबंध पाहा. 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये तो छापून आला. सहा प्रयोग, 2,225 माणसं. एका प्रयोगात लोकांना टेबलावरची भांडी जागची न हलवता खालचा कपडा खसकन ओढण्याचा व्हिडिओ दाखवला, काहींना एकदा, काहींना वीस वेळा. वीस वेळा पाहणाऱ्यांना आपल्यालाही हे जमेल असं जास्त वाटलं. तीच कृती नुसती वाचणाऱ्यांचा भरवसा असा वाढला नाही. डार्ट फेकण्याच्या प्रयोगात तर नेमही मोजला. पुन्हापुन्हा पाहणाऱ्यांनी आपले गुण जास्त येतील असं सांगितलं. प्रत्यक्षात ते एकदाच पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. वाढला तो फक्त आत्मविश्वास!

का? पाहून कळतो तो क्रम : आधी हे, मग ते. कणीक किती ताणली की फाटेल, खापर किती तापलं की मांडा चिकटणार नाही, हे पडद्यावर दिसत नाही. त्यात व्हिडिओ कापूनकूपून केलेला. व्हिडिओतल्या बाईंचे फाटलेले मांडे कुणी दाखवत नाही. त्याच संशोधकांनी जगलिंगची झेलाझेल दाखवल्यावर काही जणांच्या हातात ती झेलायची साधनं नुसती धरायला दिली. एवढ्यानेच त्यांचा फाजील विश्वास उतरला. म्हणून माझं भांडण व्हिडिओशी नाही, व्हिडिओ संपल्यावर रिकाम्या राहणाऱ्या हातांशी आहे.

गैरसमज : व्हिडिओवरून कुणी काही शिकत नाही

हे दुसरं टोक, आणि तेही चूकच. केनियाचा ज्युलियस येगो यूट्यूबवर भालाफेक पाहत शिकला आणि 2015 मध्ये 92.72 मीटर भाला फेकून जगज्जेता झाला. ही गोष्ट सांगणारे दोन गोष्टी गाळतात : तो पाहिलेलं मैदानात फेकून बघत होता, आणि पुढे फिनलंडमध्ये प्रशिक्षकाच्या हाताखालीही गेला. एवढ्या लांब कशाला जायचं? धुळ्याहून तासाभरावरच्या मालेगावात नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवता चालवता सिनेमे पाहत होते. पण पाहून थांबले असते तर 'मालेगाव के शोले' झालाच नसता. कॅमेरा हातात घेतला, दोन व्हीसीआर जोडून संकलन केलं. पार्लरमध्ये तेच सिनेमे बाकीच्यांनीही पाहिले होते.

आणखी काही, थोडक्यात

*"मी वाचून नाही, बघूनच शिकणारा."* आवड असू शकते, पण आवडीप्रमाणे शिकवल्याने शिकणं सुधारतं याला पुरेसा पुरावा नाही, असं हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्येच सांगितलंय.

*"वेग वाढवून पाहिलं तर डोक्यात शिरत नाही."* कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या प्रयोगांत व्याख्यानं दुप्पट वेगाने पाहूनही आकलन फारसं घटलं नाही, त्यापुढे मात्र घटलं. हे समजण्यापुरतं हं, मांड्याला लागू नाही.

*"धडा तीनदा पाहिला की परीक्षेत आठवतो."* रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात पुन्हापुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, आठवड्याने मात्र न बघता आठवून पाहणारेच पुढे गेले.

*"दहा लाख लोकांनी पाहिलंय, म्हणजे बरोबरच असणार."* दहा लाख लोकांनी पाहिलंय, एवढंच सिद्ध होतं. मेन स्विच बंद न करता बोर्ड उघडून दाखवणाऱ्यालाही प्रेक्षक मिळतात.

*"हे सगळं पोरांसाठी, आमचं वय गेलं."* नगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी सत्तरीत, नातवाच्या मदतीने 'आपली आजी' हे चॅनेल सुरू केलं.

राहता राहिला भाचा. तिसरा मांडाही गेला. चौथा खापरापर्यंत पोचला, आकार मात्र धुळे जिल्ह्याच्या नकाशासारखा. रात्री तो पुन्हा तोच व्हिडिओ लावून बसला. मी काही बोलणार तेवढ्यात त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मामा, त्या कोपर जरासं खाली ठेवतात बघा. तीन दिवस पाहत होतो, दिसलंच नव्हतं."