संगणकाचा पत्ता, नाव आणि किल्ली

इंदूरच्या मुख्य टपाल कचेरीचा पिन क्रमांक ४५२००१ असा आहे. त्यातील पहिले तीन अंक इंदूरचा टपाल जिल्हा दर्शवितात, तर शेवटचे तीन वाटप कचेरी दर्शवितात. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून साकारलेली ही पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. संगणकांच्या जाळ्यातही पत्त्याची योजना काहीशी अशीच आहे.

जाळ्यातील प्रत्येक संगणकास ‘आयपी’ पत्ता दिलेला असतो. त्याच्या प्रचलित रूपात ० ते २५५ यांमधील चार संख्या असतात. पत्त्याचा आरंभीचा भाग जाळे सांगतो व उरलेला भाग त्या जाळ्यातील यंत्र. असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. ते अपुरे पडल्याने अधिक लांबीचे नवे पत्तेही योजण्यात आले आहेत. कचेरीतील अंतर्गत पत्ते मात्र खोल्यांच्या क्रमांकांसारखे असतात. १९२.१६८.१.५ हा पत्ता इंदूरच्या कचेरीत असेल, तसाच कोल्हापूरच्या शाळेतही असू शकेल.

आकडे लक्षात ठेवणे कठीण, म्हणून नावे आली. नावावरून आकडा शोधून देणारी जागतिक नामप्रणाली पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी नावही उपलब्ध झाले आहे. कचेरीतील संगणकास दिलेले ‘लेखा-१’ यासारखे नाव बहुधा त्या कचेरीपुरतेच ओळखले जाते.

पत्ता व नाव यांच्या साहाय्याने इंदूरमधील तंत्रज्ञास महू येथील शाळेचा संगणक जागेवरूनच दुरुस्त करता येतो. यालाच दूरप्रवेश म्हणतात. त्यासाठी पत्त्याबरोबर किल्लीही लागते. ही किल्ली म्हणजे संकेतशब्द अथवा यंत्रधारकाने दिलेली अनुमती होय.

ठकसेनांचा डोळा या किल्लीवरच असतो. बँकेचा अधिकारी असल्याची बतावणी करून ते भ्रमणध्वनीवर दूरप्रवेशाचे उपयोजन घ्यावयास लावतात व पडद्यावर उमटलेला क्रमांक विचारतात. तो सांगून अनुमती दिली, की खाते त्यांच्या हाती जाते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच याविषयी सावधगिरीची सूचना दिली होती.

तेव्हा साहाय्य आपण होऊन मागितले असेल व तंत्रज्ञ ओळखीचा असेल, तरच अनुमती द्यावी आणि काम संपताच जोडणी तोडावी. फसवणूक झाल्यास जाळ्याची जोडणी तत्काळ बंद करून बँकेस कळवावे व १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक असते.