मेंढीकोट खेळा, पण खुणा बंद!

बुटीबोरीच्या एमआयडीसीत पाळी सुटली किंवा शेतात काम नसलं, की पारावर मेंढीकोट रंगतो. तुम्हीही खेळला असाल. समोरचा भिडू कान खाजवतो, म्हणजे बदामची दश्शी त्याच्याकडे! एरवी हे हसण्यावारी जातं. बक्षिसाची स्पर्धा असली, की यावरूनच भांडणं.

हा रोग काही गावचाच नाही बरं. १९७५ साली बर्म्युडात ब्रिजच्या जागतिक स्पर्धेत भिडूंमध्ये पडदे लावले. तर एक इटालियन गडी टेबलाखालून भिडूच्या पायाला पाय लावताना दिसला! मग टेबलाखालीही आडोसा घातला. २०१५ मध्ये युरोप जिंकलेली इस्रायली जोडी चित्रफितींवरून सापडली. पत्त्यांची पाटी टेबलावर कुठं ठेवली, यातच खूण होती.

आपल्याकडं पडदे कुठून आणणार? पण जोड्या ऐनवेळी चिठ्ठ्या टाकून पाडा, पत्ते तिसऱ्याला पिसू द्या, रंग असून दुसरं पान टाकलं तर डाव बाद. मुद्दाम हरून दोस्ताला पुढं काढणारे शेवटच्या फेरीत हिशेब पाहून खेळतात. ती फेरी सगळ्या टेबलांवर एकदमच सुरू करा.

आणि पैसा लावू नका. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, तीन पत्तीला नशिबाचा. पण पैशाच्या डावावर जागामालकानं नाल काढली, तर रमीतही गुन्हा होऊ शकतो, हेही त्याच निकालात आहे.