आयसोट्रेटिनोइन चिकित्सा : वैद्याची पात्रता

आयसोट्रेटिनोइन चिकित्सा : तीव्र स्वरूपाच्या तारुण्यपीटिकांवर (मुरमांवर) अ जीवनसत्त्वापासून व्युत्पन्न झालेले आयसोट्रेटिनोइन हे औषध पोटातून देऊन करावयाचा उपचार. हे औषध अतिशय गुणकारी असले, तरी गर्भावस्थेत घेतल्यास ते गर्भात गंभीर विकृती उत्पन्न करते. त्यामुळे ते देणाऱ्या वैद्याची पात्रता ही केवळ पदवीची बाब राहत नाही. औषध देण्यापूर्वी, देत असताना व बंद केल्यानंतर काही निश्चित कर्तव्ये पार पाडण्याची क्षमता व तयारी तीत अभिप्रेत असते.

क्रिया व दुष्परिणाम : आयसोट्रेटिनोइनामुळे त्वचेतील स्नेह ग्रंथी आकसतात व त्यांचा स्राव कमी होतो, ग्रंथींची तोंडे बंद होण्याची प्रवृत्ती व शोथही कमी होतात. व्रण पाडणाऱ्या, गाठींच्या स्वरूपाच्या व इतर उपायांना दाद न देणाऱ्या पीटिकांवर ते वापरतात. दर किग्रॅ. वजनास रोज ०·५ ते १ मिग्रॅ. अशी मात्रा सामान्यतः चार ते सहा महिने स्निग्धांशयुक्त अन्नाबरोबर देतात. ओठ, डोळे व नाकाची श्लेष्मकला कोरडी पडणे हा परिणाम जवळजवळ सर्व रुग्णांत आढळतो. रक्तातील ट्रायग्लिसराइडे वाढणे व यकृताच्या कार्यात बिघाड होणे यांचाही संभव असतो. मनःस्थितीतील बदलांकडे लक्ष ठेवावे लागते. टेट्रासायक्लीन गटातील प्रतिजैव पदार्थ सोबत दिल्यास कवटीतील दाब वाढण्याचा धोका असल्याने ते टाळतात.

सर्वांत गंभीर धोका गर्भास असतो. कान, कवटी व चेहरा, मेंदू, हृदय आणि यौवनलोपी ग्रंथी यांच्या रचनेत विकृती निर्माण होतात. गर्भपातही होऊ शकतो. हे अवयव गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आकार घेतात. त्या वेळी आपण गरोदर आहोत हे पुष्कळदा स्त्रीस ठाऊकही नसते. म्हणून गर्भधारणा झाल्याचे कळल्यावर औषध थांबविणे आवश्यक असले, तरी पुरेसे नसते. ती होऊ न देणे हाच खरा उपाय ठरतो. औषध शरीरातून लवकर निघून जात असल्याने ते बंद केल्यावर एक महिन्यापर्यंत ही दक्षता घेणे पुरते. याच अवधीत रक्तदानही वर्ज्य असते, कारण ते रक्त गरोदर स्त्रीस दिले जाण्याचा संभव असतो.

नियमनाचा इतिहास : थॅलिडोमाइड या औषधाची गर्भविकृतिजनकता ते विक्रीस आल्यानंतर (१९५७–६१) हजारो बालके विकृत जन्मल्यावर उघडकीस आली. आयसोट्रेटिनोइनाची गोष्ट निराळी आहे. अ. सं. सं. मध्ये १९८२ साली त्यास मान्यता मिळाली, तेव्हाच प्राण्यांवरील प्रयोगांवरून हा धोका ज्ञात होता व गरोदर स्त्रियांस ते देऊ नये अशी सूचनाही होती. तरीही पुढील वर्षापासूनच विकृत अर्भकांची वृत्ते येऊ लागली. उणीव ज्ञानाची नव्हती. ते ज्ञान प्रत्येक वैद्यापर्यंत व प्रत्येक रुग्णापर्यंत वेळेवर पोहोचविणाऱ्या व्यवस्थेची होती.

ही उणीव भरून काढण्यासाठी तेथे १९८८ मध्ये गर्भधारणा प्रतिबंधाचा ऐच्छिक कार्यक्रम सुरू झाला आणि १ मार्च २००६ पासून ‘आयप्लेज’ ही सक्तीची नोंदणी पद्धती अंमलात आली. तीनुसार औषध देणारा वैद्य, ते विकणारे औषधालय व घेणारा रुग्ण या तिघांचीही नोंद व्हावी लागते. गर्भविकृतीचा धोका आपणास माहीत आहे, अनपेक्षित गर्भधारणेची कारणे आपण जाणतो, संततिनियमनाचा सल्ला आपण स्वतः देऊ किंवा तज्ज्ञाकडून देववू, अशी कबुली वैद्याने द्यावयाची असते व नोंदणीचे दरवर्षी नूतनीकरण करावयाचे असते. गर्भधारणाक्षम रुग्णास उपचारापूर्वी दोन व नंतर दरमहा गर्भधारणा परीक्षा करावी लागते आणि एका वेळी ३० दिवसांहून अधिक पुरेल इतके औषध मिळत नाही. या व्यवस्थेनेही गर्भधारणेच्या घटना पूर्णपणे थांबल्या नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये तिच्या संगणकीय यंत्रणेत बदल होताना झालेल्या गोंधळात अनेक रुग्णांचे उपचार खंडित झाले. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून १८ वर्षांखालील रुग्णास हे औषध सुरू करण्यास दोन वैद्यांची संमती आवश्यक करण्यात आली.

महाराष्ट्रातील स्थिती : भारतात अशी औषधविशिष्ट केंद्रीय नोंदणी नाही. येथील सुरक्षितता वैद्याचे शिक्षण, वैद्यक परिषदेची नोंदणी व औषधविक्रीचे नियम या तीन आधारांवर उभी आहे. एम्.बी.बी.एस्. नंतर त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग या विषयाचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करणारा वैद्य त्वचारोगतज्ज्ञ होतो. राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांतील असे अभ्यासक्रम मुख्यतः नासिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. व्यवसायासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे (अधिनियम १९६५) नोंदणी करावी लागते. तिच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत निरंतर शिक्षणाचे ३० श्रेयांक तास पुरे करावयाचे असतात. मात्र या तासांत कोणत्याही एका औषधाचे शिक्षण अनिवार्य नसते.

औषध लिहून देण्याचा अधिकार कोणास असावा, हा प्रश्न राज्यात वादाचाही ठरला आहे. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन आधुनिक औषधिक्रियाविज्ञानाचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी वैद्यांना मर्यादित प्रमाणात आधुनिक औषधे देण्याची मुभा ठेवण्यात आली. आधुनिक वैद्यकाच्या संघटनेने तीस न्यायालयात आव्हान दिले.

औषधे नियम, १९४५ यांच्या ‘एच’ अनुसूचीत आयसोट्रेटिनोइनाचा समावेश आहे. त्यामुळे वैद्याच्या सही व दिनांकासह असलेल्या चिठ्ठीवाचून ते विकता येत नाही. चिठ्ठीवर तसा उल्लेख नसल्यास तिच्यावर दुसऱ्यांदा औषध देण्यासही मनाई आहे. मासिक तपासणीची अट कायद्याने घातलेली नसली, तरी जागरूक औषधविक्रेत्याने हा नियम पाळल्यास तिचा हेतू बऱ्याच अंशी साध्य होतो.

ग्रामीण भागातील प्रश्न : दरमहा तपासणी ही या उपचाराची मुख्य अट असल्याने तज्ज्ञापासूनचे अंतर हाही सुरक्षिततेचाच भाग ठरतो. परभणी जिल्ह्यातील (ता. पूर्णा) चुडावा हे गाव पूर्णा–नांदेड लोहमार्गावर आहे. अशा गावातील तरुणीस त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्यासाठी सामान्यतः नांदेड वा परभणी गाठावे लागते. नांदेड येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून परभणी येथे असे महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले. दरमहा प्रवासखर्च व मजुरीचा खाडा सोसण्यापेक्षा जुनी चिठ्ठी दाखवून किंवा दुसऱ्याच्या सांगण्यावरून गोळ्या आणण्याचा मोह अशा वेळी होतो. पीटिकांवर उपचार करून घेण्याचे वय आणि विवाहाचे वय बहुधा एकच असते. विवाह ठरला की चेहरा लवकर स्वच्छ व्हावा अशी घाई केली जाते आणि धोक्याचा काळही तेव्हाच सुरू होतो. मासिक पाळी, शरीरसंबंध व संततिनियमन यांविषयी वडीलधाऱ्यांसमक्ष मुलीस विचारले असता खरे उत्तर मिळणे कठीण असते. म्हणून तिच्याशी एकांतात, तिला समजेल अशा भाषेत बोलणे, गोळ्या कोणासही वाटून न देण्यास सांगणे, प्रत्येक भेटीची लेखी नोंद ठेवणे व पाळी चुकताच औषध थांबवून त्वरित येण्याची सूचना देणे ही वैद्याची आवश्यक कर्तव्ये होत. ज्यास ही कर्तव्ये पार पाडणे शक्य नाही, त्याने पदवी असूनही रुग्णास तज्ज्ञाकडे पाठविणे श्रेयस्कर ठरते.