दोन सूत्रें, एकाचें मौन

प्रत्येक मुलीच्या पेशींत आईकडून एक व बापाकडून एक अशीं दोन ‘एक्स’ गुणसूत्रें येतात. मुलाच्या वाट्यास एकच येतें. मग या सूत्रावरील जनुकांचें कार्य स्त्रीच्या शरीरांत दुप्पट कां होत नाहीं?

१९६१ सालीं मेरी लायन या इंग्रज शास्त्रज्ञ महिलेनें उंदरांच्या अंगावरील दुरंगी पट्टे पाहून याचें उत्तर सुचविलें. गर्भ अगदीं लहान असतांनाच प्रत्येक पेशी दोहोंपैकीं एका सूत्रास गप्प बसविते. कोणत्या, हें दैवाधीन. परंतु एकदां झालेली निवड त्या पेशीच्या सर्व वंशजांत कायम राहते.

पण हें पडताळावें कसें? पडद्याआड बसलेल्या दोन बहिणींचे आवाज हुबेहूब सारखे असतील, तर कोणती गात आहे हें श्रोत्यास सांगतां येत नाहीं. आवाजांत किंचित् भेद असला कीं तें चटकन् कळतें. जनुकांतील निसर्गदत्त भेद असाच उपयोगीं पडला.

तांबड्या रक्तपेशींचें रक्षण करणारें ‘जी-सिक्स-पी-डी’ हें एन्झाइम एक्सवरील जनुकापासून बनतें. आफ्रिकी वंशाच्या कित्येक लोकांत त्याचे ‘ए’ व ‘बी’ असे दोन प्रकार आढळतात. विजेच्या प्रवाहांत त्यांची चाल भिन्न असल्यानें ते वेगळे ओळखतां येतात. १९६३ सालीं अमेरिकेंत डेव्हिडसन, निटोव्स्की व चाइल्ड्स यांनीं दोन्ही प्रकार बाळगणाऱ्या स्त्रियांच्या त्वचेंतील एकेका पेशीपासून स्वतंत्र वसाहती वाढविल्या. मूळ त्वचेंत दोन्ही प्रकार होते. प्रत्येक वसाहतींत मात्र एकच निघाला! लायनबाईंचें अनुमान मनुष्यासही लागू पडलें.

१९६५ सालीं लिंडर व गार्टलर यांनीं हीच कसोटी अशा स्त्रियांच्या गर्भाशयांतील साध्या गांठींना लावली. एकेका गांठींत एकच प्रकार आढळला. म्हणजे गांठ एकाच पेशीपासून वाढते, असें दिसून आलें.

सर्वच जनुकें मौन पाळतात असें नाहीं. कांहीं गप्प सूत्रावरूनही बोलतात. तथापि जी गप्प बसतात त्यांच्याविषयीं एक गोष्ट प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावी. जिचें एक जनुक सदोष, ती केवळ ‘वाहक’ व स्वतः सुरक्षित, ही समजूत पुरी खरी नव्हे. तिच्या रक्तांत सबळ व दुबळ्या अशा दोन जातींच्या तांबड्या पेशी असतात. दैवयोगानें दुबळ्या पेशींचा भरणा अधिक झाला, तर प्रायमाक्विन हें हिवतापावरील औषध तिच्याही रक्तपेशी फोडूं शकतें. साध्या तपासणींत सर्व पेशींची सरासरीच दिसते. त्यामुळें हा दोष झांकला जाण्याचा संभव असतो.

म्हणून मुलास किंवा भावास हा विकार असेल, तर आईनें व बहिणीनें औषध घेण्यापूर्वीं डॉक्टरांस तसें अवश्य सांगावें.