स्पर्धा परीक्षेचं इंग्रजी, भाग सहावा : केस पांढरे, गुण वजा

'माझे केस पांढरे झाले, पैसे संपले आणि बातम्याही वाईट आहेत.' हे मराठी वाक्य बिनचूक आहे. केस अनेक, पैसे अनेक, बातम्या तर अनेक असणारच. इंग्रजीत मात्र हेअर, मनी आणि न्यूज हे तिन्ही शब्द एकवचनी. त्यामुळे 'हिज हेअर्स हॅव टर्न्ड ग्रे' हे वाक्य समोर आलं, की मराठी मुलाच्या कानाला त्यात काहीच खटकत नाही आणि तो 'नो एरर'वर खूण करून पुढे सरकतो. (एखाद-दुसरा सुटा केस मोजायचा असेल तर हेअर्स चालतं, डोक्यावरच्या सगळ्या केसांसाठी नाही.) याच्या उलट कात्री, चष्मा आणि पँट मराठीत एकेकटी असतात, तर इंग्रजीत सीझर्स, स्पेक्टॅकल्स आणि ट्राउझर्स कायम अनेकवचनी. 'पोलीस आला' हे मराठीत रोजचं बोलणं, पण इंग्रजीत पोलीस या शब्दाला 'हॅज' चालत नाही, 'हॅव'च लागतं.

गेल्या भागात काळांचा पसारा आवरला. आता चूक ओळखण्याचे प्रश्न, म्हणजे क्लासच्या भाषेत 'स्पॉटिंग एरर'. एका वाक्याचे तीन-चार तुकडे केलेले असतात. त्यातल्या एखाद्या तुकड्यात चूक असते, कधी ती नसतेच.

या प्रश्नांना वेळ किती मिळतो, ते आधी पाहायला हवं. आयबीपीएसच्या लिपिक पदाच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे 30 प्रश्न 20 मिनिटांत उरकायचे असतात, म्हणजे प्रश्नाला 40 सेकंद. स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल परीक्षेत पहिल्या टप्प्यावर इंग्रजीचे 25 प्रश्न 50 गुणांना असतात आणि प्रत्येक चुकीला अर्धा गुण कापला जातो. सीडीएसच्या इंग्रजीत दोन तासांत 120 प्रश्न. आपल्याकडच्या 2023 च्या तलाठी भरतीत 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचे होते, म्हणजे 200 पैकी 50 गुण. चाळीस सेकंदांत नियम आठवून, तो वाक्याला लावून, मग उत्तर काढणं कुणालाच जमत नाही. चूक दिसल्याबरोबर खटकली पाहिजे. सरावाचा सगळा खटाटोप त्यासाठी.

पुण्यातल्या नव्या पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावलं, तर टेबलावर रेन आणि मार्टिनचं जाडजूड पुस्तक दिसतं. पुस्तक उत्तमच आहे. पण पहिल्या पानापासून नामाचे प्रकार पाठ करत निघालेला उमेदवार बहुधा सर्वनामापर्यंत पोहोचून दमतो, आणि प्रिलिम झाली की पुन्हा नामापासून सुरुवात करतो. त्यापेक्षा उलटा रस्ता धरावा, असं या लेखमालेचं म्हणणं आहे. मराठीत विचार करणाऱ्या माणसाच्या इंग्रजीतल्या बहुतेक चुका मराठीतूनच येतात. त्या मोजक्या असतात आणि पुन्हा पुन्हा त्याच असतात. आधी त्यांचा बंदोबस्त करावा, बाकीचं व्याकरण मागाहून.

'पासून'चंच बघा. 'मी 2023 पासून पुण्यात राहतो' आणि 'मी दोन वर्षांपासून पुण्यात राहतो'. मराठीला दोन्हीकडे एकच 'पासून' पुरतो. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स' आणि मधला कालावधी सांगायचा तर 'फॉर'. शिवाय मराठीतला साधा 'राहतो' तिथे 'हॅव बीन लिव्हिंग' होतो. म्हणून 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टू इयर्स' या एवढ्याशा वाक्यात दोन चुका बसतात, आणि दोन्ही मराठीच्या दृष्टीने अगदी तर्कशुद्ध.

जोडशब्दांची गोष्टही अशीच. मराठीत 'जरी' आला की मागोमाग 'तरी' येतोच, त्याच्याशिवाय वाक्य लंगडं वाटतं. त्या सवयीने 'ऑलदो'च्या मागे 'बट' लागतो: 'ऑलदो ही वॉज इल, बट ही अटेंडेड द ऑफिस'. ऑलदोला जोडीदार लागत नाही, फार तर 'येट' चालतो. 'बट' दिसला की चूक तिथेच आहे. 'तो घरी पोहोचतो न पोहोचतो तोच पाऊस आला' या झकास मराठी रचनेला इंग्रजीत दोन जोड्या आहेत. 'नो सूनर' आला तर पुढे 'दॅन', 'हार्डली' किंवा 'स्कार्सली' आला तर पुढे 'व्हेन'. परीक्षक या जोड्यांची अदलाबदल करून ठेवतो, दुसरं काही करत नाही. इतकी वर्षं हाच प्रश्न येतो आहे आणि इतकी वर्षं लोक त्यात फसताहेत, म्हणजे परीक्षकाला नवं काही शोधायची गरजच पडलेली नाही.

सगळ्यात जास्त गुण जातात ते मात्र विभक्तीच्या प्रत्ययांपायी. मराठीत प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय नामाला चिकटलेलं असतं. इंग्रजीत लिहिताना ते सुटं करून कुठेतरी ठेवायची ओढ लागते. 'प्रश्नाबद्दल चर्चा केली', म्हणून 'डिस्कस्ड अबाउट'. 'पुण्याला पोहोचलो', म्हणून 'रीच्ड टू पुणे'. 'खोलीत शिरला', म्हणून 'एंटर्ड इन द रूम'. 'बापासारखा दिसतो', म्हणून 'रिझेम्बल्स लाइक हिज फादर'. या चारही ठिकाणी इंग्रजी क्रियापदाला मधला दलाल नको असतो, कर्म थेट येतं. काही ठिकाणी अव्यय लागतं, पण वेगळं. 'डॉक्टरशी लग्न झालं' यातल्या 'शी'मुळे 'मॅरीड विथ' लिहिलं जातं, हवं असतं 'मॅरीड टू'. 'माझ्यापेक्षा सीनियर' यातला 'पेक्षा' हा 'दॅन' होऊन येतो, पण सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर यांच्यापुढे 'टू'च लागतो. 'प्रिफर'चंही तेच: चहापेक्षा कॉफी आवडत असली तरी वाक्य 'प्रिफर कॉफी टू टी' असंच होतं.

मराठीचा 'ना' हा तर चमत्कारच. 'तू येणार ना?', 'तो गेला ना?', 'त्या शिक्षिका आहेत ना?' सगळ्या काळांना, सगळ्या लिंग-वचनांना एकच अक्षर पुरतं. इंग्रजीत प्रत्येक वेळी मुख्य वाक्यातलं सहायक क्रियापद उचलून, होकाराचा नकार करून शेपूट जोडावं लागतं. परीक्षेत विचारतात ती नेमकी वाकडी उदाहरणं: 'आय ॲम लेट'ला शेपूट 'आरन्ट आय', 'लेट अस गो'ला 'शॅल वी', आणि 'ही हार्डली स्पीक्स'ला 'डझ ही', कारण हार्डलीमध्येच नकार दडलेला आहे.

मातृभाषा प्रत्येक वेळी आडवीच येते, असंही नाही. 'पाऊस पडला तर सामना रद्द होईल' या वाक्यात गोष्ट पुढची आहे, पण 'तर'च्या आधी मराठी माणूस 'पडेल' म्हणत नाही, 'पडला' म्हणतो. भविष्यकाळ वाक्याच्या दुसऱ्या भागातच येतो. इंग्रजीतही 'इफ'च्या भागात 'विल' येत नाही, 'इफ इट रेन्स' असाच वर्तमानकाळ येतो. 'तो आला की निघू' यातल्या 'आला'चंही तसंच. मराठी वाक्य नीट ऐकलं तर 'व्हेन ही विल कम' ही चूक हातून होणार नाही.

देवनागरी तर याहून मोठी मदत करते, आणि ती फारसं कुणी घेत नाही. 'अ' लावायचा की 'ॲन', या प्रश्नावर शाळेत शिकवतात ते ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर. मग युनिव्हर्सिटीच्या मागे 'ॲन' लागतो आणि गुण जातो. नियम स्पेलिंगचा नाहीच, उच्चाराचा आहे, आणि उच्चार जसाच्या तसा दाखवणारी लिपी मराठी मुलाच्या हातात आहे. शब्द देवनागरीत लिहून बघावा. युनिव्हर्सिटी, युनिफॉर्म, युरोपियन यांची सुरुवात 'य'ने, म्हणून 'अ'. 'वन-रुपी नोट' यातला पहिला आवाज 'व', म्हणून 'अ'. अवर आणि ऑनेस्ट लिहिताना 'ह' उमटतच नाही, म्हणून 'ॲन'. आद्याक्षरांनाही हीच युक्ती लागू पडते: 'अ यूपीएससी ॲस्पिरंट', पण 'ॲन एमपीएससी ॲस्पिरंट'. 'द'चा प्रांत वेगळा, तिथे लिपी कामाला येत नाही. नदीला आणि डोंगररांगेला 'द' लागतो, एकट्या शिखराला लागत नाही: द गोदावरी, द सह्याद्री, पण नुसतं कळसूबाई.

कर्ता आणि क्रियापदाचा मेळ ही मात्र सगळ्या जगाची दुखरी नस आहे, तिचं खापर मराठीवर फोडता येणार नाही. 'द क्वालिटी ऑफ द मँगोज वेअर नॉट गुड' यात क्रियापदाच्या शेजारी मुद्दाम अनेकवचनी आंबे आणून ठेवलेले असतात. 'ऑफ'पासून पुढचा भाग बोटाने झाकावा, उरतो तो कर्ता. 'ॲज वेल ॲज' आणि 'अलाँग विथ' आले तरी हाच उपाय.

आता सराव कसा करायचा? चुकांची एक वही करावी, असं सगळेच सांगतात. ती वही बहुतेकांकडे असतेही, पण तिच्यात चुकलेलं वाक्य आणि बरोबर वाक्य एवढंच असतं. तिसरी ओळ नसते. नोंद अशी हवी: वर 'वी डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम', खाली 'वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम', आणि त्याखाली वाचताना मनात उमटलेलं मराठी: 'आम्ही प्रश्नाबद्दल चर्चा केली'. त्यातल्या 'बद्दल'भोवती लाल गोल. टेस्ट सिरीजचे काही पेपर सोडवून झाले, की वही उघडून फक्त गोल पाहावेत. कुणाच्या वहीत 'ला'चे गोल जास्त निघतील, कुणाच्या 'पासून'चे. पुढच्या आठवड्यात काय घोटायचं, ते दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार नाही.

वही नुसती वाचून मात्र भागत नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. म्हणून बरोबर वाक्य हाताने झाकावं, चुकलेलं दुरुस्त करावं, मग हात काढावा.

शब्दसंग्रहालाही हेच लागू. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये पुठ्ठ्याच्या खोक्याची पद्धत मांडली. शब्दाचं कार्ड करायचं, एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. अर्थ आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि उशिरा भेटतं. चुकलं तर पहिल्या कप्प्यात परत येतं आणि उद्याच भेटतं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू या कामाला चांगल्या पडतात. कार्डावर सुटा शब्द लिहू नये, आख्खं वाक्य लिहावं.

कारण उमेदवार दुर्मीळ शब्दांची यादी घोकत बसतात आणि गुण घालवतात ते साध्या शब्दांवर. ब्रिटिश अमदानीत ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम केलेल्या मायकेल वेस्ट यांची सुमारे 2,000 शब्दांची प्रसिद्ध यादी 1953 मध्ये छापून आली. नेहमीच्या वाचनातला फार मोठा हिस्सा असल्या दोनेक हजार शब्दांतच सामावतो. मेक, डू, टेक, गिव्ह हे त्यातलेच, आणि क्लोज टेस्टमध्ये रिकाम्या जागा बहुधा यांच्याच असतात. मराठीत चूक 'करतात', अभ्यासही 'करतात', प्रगतीही 'करतात'. इंग्रजीत चूक आणि प्रगतीला 'मेक' लागतो, गृहपाठाला 'डू'. आणि मराठी विद्यार्थी वर्षानुवर्षं जी परीक्षा 'देतो', ती इंग्रजीत तो 'टेक' करतो. 'गिव्ह' करणारे ते मास्तर.

या आठवड्याचा सराव म्हणून पाच वाक्यं. 'द सीनरीज ऑफ महाबळेश्वर आर चार्मिंग.' 'वन ऑफ माय फ्रेंड लिव्ह्ज इन नाशिक.' 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉईज रॅन आउट.' 'शी इज ज्युनियर दॅन मी बाय टू इयर्स.' 'ही ऑर्डर्ड फॉर टू कप्स ऑफ टी.' यातलं एक वाक्य बिनचूक आहे. घड्याळ लावून, प्रत्येकी 40 सेकंदांत सोडवावीत आणि जे चुकेल त्याची तिसरी ओळ वहीत नोंदवावी. उत्तरं पुढच्या भागात, उताऱ्यावरील प्रश्नांच्या आधी.