जोगचा धबधबा आणि गेरसोप्प्याची बस्ती

आम्ही राजेश्वरचे भुसार व्यापारी. आमच्या मुलखात पाणी म्हणजे विहिरीचे, नाही तर आभाळाकडे डोळे लावून मिळणारे. धबधबा म्हटला की आम्हां मंडळींना नळदुर्ग तेवढा ठाऊक. सोलापूरच्या रस्त्याने मालाच्या निमित्ताने जाता-येता तो किल्ला आम्ही कैक वेळा पाहिला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, सतराव्या शतकाच्या आरंभी, बोरी नदीला तेथे बांध घातला व त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. नदीला पूर आला की बांधावरून नर व मादी असे दोन प्रवाह कोसळतात आणि आत उभ्या असलेल्या मनुष्याचे अंग भिजत नाही. परंतु ते मनुष्याने पाडलेले पाणी होय. निसर्गाने पाडलेले पाणी पाहण्याचा योग आम्हांस वयाच्या चौसष्टाव्या वर्षी आला, व त्यास कारण आमच्या सौभाग्यवती.

आमचा विवाह १९८३ साली झाला. त्या वर्षी हुबळीच्या एका आडत्याकडून दुकानी कॅलेंडर आले होते. त्यावर जोगच्या धबधब्याचे रंगीत चित्र होते. वर्ष सरले, कॅलेंडर उतरविले, पण सौभाग्यवतींनी चित्र कापून ठेवले व म्हणाल्या, “अहो, हे पाणी एकदा दाखवा.” आम्ही होकार दिला. पुढे काय झाले असेल ते वाचक बंधूंना सांगावयास नको. धबधबा भरतो तो पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात आपला चातुर्मास. प्रवास शक्यतो टाळावयाचा. भाद्रपदात मुगाची आवक, तिच्या पाठोपाठ उडीद, मग सोयाबीन, पौषात तूर, फाल्गुनात हरभरा. उन्हाळ्यात उसंत मिळे, तेव्हा कड्यावर पाण्याच्या रेघा उरलेल्या असतात. अशी चाळीस वर्षे गेली. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, हे आता आठवले की बरे वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांस काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती औषधाने सांभाळावयाची, असे सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितले. समोरचे नीट दिसते, बाजूचे अंधारत जाते. त्या रात्री आम्ही पंचांग उघडले. आषाढ शुद्ध चतुर्दशीपूर्वी दहा दिवस मोकळे काढता येत होते. मृगाचा पाऊस घाटात तोवर लागलेला असतो.

येथे थोडा खुलासा केला पाहिजे. जोगचे पाणी शरावती नदीचे. कड्याची उंची २५३ मीटर, म्हणजे ८३० फूट. वरच्या अंगास लिंगनमक्की येथे १९६४ साली मोठे धरण पूर्ण झाले, आणि तेव्हापासून नदीचे बहुतेक पाणी वीजघरांकडे जाते. त्यापूर्वीचे हिरेभास्कर धरणही त्याच जलाशयात बुडाले. या विजेपायी अनेक कुटुंबांना घरेदारे सोडावी लागली ती निराळीच. धबधबा गेला म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. परंतु आमच्या डाळमिलीची मोटार ज्या विजेवर फिरते तीत शरावतीचाही वाटा असणार, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करावी? असो. धरणाचे दरवाजे उघडण्यापूर्वीही, धरण व कडा यांमधील टापूत पडलेल्या पावसावर धबधबा बराच भरतो. आम्हांस तेवढाच आधार होता.

कलबुर्गी, विजापूर, हुबळी असे मुक्काम-दरमुक्काम करीत, शिरसी-सिद्धापूरच्या झाडीतून आम्ही तिसऱ्या दिवशी दुपारी जोगला पोहोचलो. पाहतो तो समोर पांढरा पडदा! धुक्याने सगळी दरी भरलेली. कानांत मात्र असा घनघोर आवाज की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागे. नातू कठड्याबाहेरच्या शेवाळलेल्या खडकावर पाय ठेवावयास निघाला, तोच आजीने त्यास हात धरून मागे ओढले. शेवाळावर पाय देऊ नये हा आपला आचार. जीवदया तर झालीच, आणि तेथे हाडेही वाचतात.

सायंकाळपर्यंत धुके हटले नाही. सूर्यास्तापूर्वी घरच्या दशम्या व शेंगदाण्याची चटणी खाऊन घेतली. तेवढ्यात चिरंजीवांचा दूरध्वनी आला. २०० क्विंटल तुरीचा ठरलेला सौदा एका खरेदीदाराने मोडला होता, भाव उतरत होता, आणि त्याच्यापुढे बसून बोलणी करावयास आम्हीच हवे होतो. “सकाळी निघतो,” असे आम्ही सांगून टाकले.

रात्री सौभाग्यवती म्हणाल्या, “आवाज ऐकला, तेवढे पुरे झाले. तुम्ही दुकानाचे पाहा.” त्यांच्या बोलण्यात रुसवा नव्हता. रुसवा असता तर कदाचित आम्ही निघालोही असतो. पहाटे उठून चिरंजीवांस कळविले की, तुला जमेल त्या भावाने माल काढ. आम्ही आज येत नाही.

साडेनऊच्या सुमारास वारा फिरला. प्रथम पलीकडच्या कड्याची काळी कडा दिसली, मग पाणी. राजा, रोरर, रॉकेट आणि राणी अशी चार धारांची नावे. राजा एका दमात थेट तळाशी जातो. रोरर खडकांतून गर्जत उतरून त्याच्याकडे धाव घेतो. रॉकेटच्या धारेतून पाण्याचे लोट बाणांसारखे सुटतात. राणी कड्याला बिलगून फेसाळत खाली येते. सौभाग्यवतींना चारही एकदम दिसणे शक्य नव्हते. त्यांनी मान हळूहळू वळवीत एकेक धार वरपासून खालपर्यंत पाहिली, मग पुन्हा पहिल्यापासून. आम्ही काही बोललो नाही. पाव तास झाला असेल, धुके परत आले. “चित्रात पाणी कमी होते,” एवढेच त्या म्हणाल्या.

दुपारी घाट उतरून गेरसोप्प्यास गेलो. शरावतीकाठच्या अरण्यात चतुर्मुख बस्ती आहे. चार दिशांना चार द्वारे, आणि कोणत्याही द्वाराने गेले तरी समोर तीर्थंकरांचे दर्शन. राणी चेन्नभैरादेवी ही आपल्याच धर्माची. सोळाव्या शतकात तिने पन्नासाहून अधिक वर्षे येथे राज्य केले. तिच्या मुलखातील मिरी समुद्रापार जात असे, म्हणून पोर्तुगीज तिला मिऱ्यांची राणी म्हणत. शेवटी केळदीच्या नायकांनी ते राज्य घेतले. जेथे एके काळी मोठी पेठ होती तेथे आता झाडी आहे. सौभाग्यवतींनी चारही द्वारांनी दर्शन घेतले. आम्ही मात्र, खोटे कशाला सांगावे, पेठ कोठे भरत असेल याचाच अंदाज करीत उभे होतो.

परत आल्यावर हिशेब पाहिला. तुरीत क्विंटलमागे १५० रुपये, म्हणजे ३०,००० रुपये गेले. चिरंजीवांनी सौदा बरा निभावला होता. आम्ही गेलो असतो तर फार तर निम्मे वाचले असते.

ज्या सभासदांस जावयाचे असेल त्यांनी तेथे दोन रात्री तरी राखाव्यात, फराळाचे घरून न्यावे व पाणी गाळण्याचे वस्त्र विसरू नये. रेल्वेने जाणाऱ्यांस ताळगुप्पा स्थानक जवळचे पडते. येत्या वर्षी, चातुर्मासापूर्वीच, घटप्रभेवरील गोकाकचा धबधबा व तेथील झुलता पूल पाहण्याचा विचार आहे. तेथे कडा १७० फुटांचाच, परंतु पुष्कळ जवळून दिसतो असे ऐकतो.