कुठलं लाल?

१९९४ सालची गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, तिथल्या सहकारी बँकेत, संध्याकाळी सात वाजता रोकड जुळत नव्हती. सहा हजार आठशे रुपये कमी येत होते. हेड कॅशियर, ज्यांना सगळे नुसतं 'काका' म्हणत, नोटांची बंडलं तिसऱ्यांदा मोजत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि मॅनेजरसाहेबांना म्हणाले, "मी भरून देतो. पगारातून कापा."

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो होतो. त्या बँकेचा संगणकाचा प्रोग्रॅम माझा होता. तेव्हा अशा कामांना डॉसवर चालणारी क्लिपर ही भाषा आम्ही वापरत असू, आणि तिच्यात रंग देणं हा माझा खास आवडीचा भाग.

त्या काळ्या पडद्यावर रंग कुठून यायचे हे सांगायला हवं. पडद्यावर २५ ओळी, प्रत्येकीत ८० घरं, म्हणजे दोन हजार घरं. प्रत्येक घरासाठी स्मृतीत दोन बाइट. एकात अक्षर, दुसऱ्यात त्या अक्षराचा रंग. या दुसऱ्या बाइटमध्ये अक्षरासाठी सोळा रंग मावत, पाठीमागच्या पट्टीसाठी आठ, आणि उरलेल्या एका बिटानं अक्षर उघडझाप करी. क्लिपरमध्ये हे अद्याक्षरांनी सांगायचं: 'डब्ल्यू' पांढरा, 'जी' हिरवा, 'आर' लाल. 'बी' निळ्यानं आधीच बळकावल्यामुळे काळ्याच्या वाट्याला 'एन' आला होता. स्वल्पविरामाआधीची जोडी साध्या मजकुराची, नंतरची जोडी ज्यात माणूस टाइप करतो त्या रकान्याची. एका ओळीत सगळ्या पडद्याचा नूर पालटायचा. पंचविशीतल्या माणसाला आणखी काय हवं!

रकान्याला वेगळा रंग देण्यात शोभेपेक्षा काही जास्त असतं. आयबीएमनं १९७९ साली ३२७९ हा रंगीत टर्मिनल आणला, त्यावर मूळ चार रंगांना चार अर्थ होते. हिरव्या रकान्यात लिहायचं, लाल म्हणजे लिहायचंच पण ठळक. निळं आणि पांढरं फक्त वाचायचं, तिथं बोट चालणार नाही. कोणाला कुठं लिहायची मुभा आहे, हे रंगच सांगत असे.

हे तत्त्व मी उचललं आणि जरा जास्तच ताणलं. भरणा आणि पैसे काढणं, दोन्हींना पडदा एकच. एफ-टू दाबलं की जमेचा नावे व्हायचा. रकमेचा रकाना जमेला हिरवा, नावेला लाल. इतकं स्पष्ट असताना शब्द कशाला, म्हणून 'जमा' आणि 'नावे' हे शब्द मी पडद्यावरून काढून टाकले होते. पडदा मोकळा दिसत होता. (तेही रोमन लिपीतच असायचे. देवनागरीसाठी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड लागे, आणि त्याचा खर्च बँकेला मंजूर नव्हता.)

एरवी त्या खिडकीवर एक तरुण कारकून बसे. त्या दिवशी तो रजेवर, म्हणून काका स्वतः बसले होते.

चूक काकांनीच शोधली. पैसे भरायची भाषा करून झाल्यावर त्यांच्यातला जुना बँकवाला जागा झाला असावा. "तफावत निम्मी करा," ते म्हणाले. काढलेली रक्कम जमेला पडली की फरक दुपटीचा येतो. निम्मे झाले तीन हजार चारशे. त्या रकमेच्या स्लिपा शोधल्या. स्लिप पैसे काढण्याची, संगणकात नोंद जमेची. खातेदाराची शिल्लक कमी व्हायच्या ऐवजी वाढून बसली होती.

साहेब चिडले. "वय झालं काका, उद्यापासून खिडकीवर बसू नका." ते केबिनमध्ये गेल्यावर मी काकांना पडद्यापाशी नेलं आणि हळूच विचारलं, "लाल झालेलं दिसलं नाही का?"

"कुठलं लाल?"

मी एफ-टू दाबलं. पुन्हा दाबलं. काका पडद्याकडे बघत राहिले. दोन्ही पट्ट्या त्यांना एकाच शेणकट रंगाच्या दिसत होत्या. मग म्हणाले, "आंबा पिकला की नाही हे मी आयुष्यभर वासावरच ओळखत आलोय. घरात ठाऊक आहे. इथं कुणाला सांगू नका. तीन वर्षं राहिलीत माझी."

लाल-हिरव्यातला फरक न कळणं बहुधा जन्मजात असतं, आणि बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतं. पण आपल्या ठिपक्यांच्या पडद्यापुढे कोण बसणार, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

त्या रात्री मी साहेबांना कागदावर लिहून दिलं की दोष पडद्याच्या रचनेत आहे, व्यवहाराचा प्रकार त्यावर लिहिलेलाच नाही. काकांच्या डोळ्यांबद्दल अक्षर लिहिलं नाही. हे बरोबर केलं का, याबद्दल आजही माझं मन पूर्ण निःशंक नाही. बँकेची रोकड होती ती. पण कागदात लिहिलं ते खोटं नव्हतं.

पहाटेपर्यंत बसून रंग बदलले. जमेला निळ्यावर पांढरी अक्षरं, नावेला पांढऱ्यावर काळी. उजेडाचाच फरक, म्हणजे रंग कळो न कळो. शिवाय रकान्याच्या डोक्यावर शब्द, मोठ्या अक्षरांत. हे शहाणपण पुढे दुसऱ्या शाखेतही कामी आलं. तिथले पडदे एकरंगी होते, आणि तसल्या पडद्यावर निळं म्हणून लिहिलेलं अक्षर निळं न होता चक्क अधोरेखित व्हायचं.

सकाळी बँक उघडायच्या आधी काका आले. मी खुर्ची त्यांना दिली. त्यांनी एफ-टू दाबलं, थांबले, पुन्हा दाबलं. असं पाच-सहा वेळा. मग शिपायाला म्हणाले, "दोन चहा सांग रे," आणि खिडकीची काच वर केली.